पलंगापुरती जागा

माणूस शेती करायला लागला त्या दिवसापासून चालत आलेलं जागेचं भांडण नवसृष्टी नगरीत कायमचं संपलं. हे वाक्य उद्घाटनाच्या दिवशी व्यासपीठावरून उच्चारलं गेलं, त्याला टाळ्या पडल्या, आणि ते प्रवेशद्वाराशी काळ्या दगडावर सोनेरी अक्षरांत कोरण्यात आलं. तो दगड ए विंगच्या पार्किंगमध्ये येतो की बी विंगच्या, यावरून त्या दोन विंगांचं आजतागायत एकमेकींशी बोलणं नाही.

पुण्यातून निघून दोन घाट ओलांडले की नवसृष्टी लागते. जाहिरातीत ती पुण्यातच आहे. इथली सगळी माणसं एकाच वर्षी, एकाच वयाची असताना, साधारण एकाच रंगाचे पडदे घेऊन राहायला आली. नवरा-बायको तिशीतले, मूल एक, आणि ते मूल बालवाडीत. शाळेत बालवाडीच्या तुकड्या ‘अ’पासून सुरू होऊन ‘ड’पर्यंत पोचल्या होत्या आणि पुढच्या तुकडीत मूल घालायला एकही पालक तयार नव्हता. दहावीचा वर्ग नुसताच बांधून ठेवलेला होता; त्यात खुर्च्या रचल्या होत्या. आईबापांची नावं शर्विल, ओवी, मल्हार, स्पृहा अशी, त्यांच्या जन्मकाळी चालणारी. मुलांची नावं मात्र नव्या फॅशनप्रमाणे द्वारका, भिकाजी, सखाराम. संध्याकाळी बागेत “भिकाजी, चड्डी वर घे” अशा हाका ऐकू येत.

नगरीत एकच गोष्ट मिळत नसे, ती म्हणजे म्हातारं माणूस. ज्येष्ठ नागरिक कट्टा नकाशात होता म्हणून बांधला गेला. त्यावर चार-चार वर्षांची मुलं पाय हलवत बसत आणि गुडघ्यांच्या तक्रारी सांगत. ज्येष्ठ नागरिक दिनाला सी विंगमधल्या एका गृहस्थांचा सत्कार होई. त्यांचं वय सेहेचाळीस. ते दरवर्षी संकोचून नको म्हणत आणि दरवर्षी शाल घेऊन घरी जात. बारशाला आजी लागते, ती फोनच्या पडद्यावर येई आणि कोणीतरी तिला पाळण्यावर धरून उभं राही. मधेच रेंज गेली की बाळाचं नाव अर्धंच ठेवलं जाई.

अशा वस्तीची एक अडचण असते. सगळ्यांना सगळं एकदम लागतं. एकदम पाळणाघर, एकदम मुलांची खोली. आणि वीसेक वर्षांनी मुलं उडून गेली की सगळ्यांकडे एकदम रिकाम्या खोल्या. लोकसंख्येच्या अभ्यासकांनी यावर बराच विचार करून सांगितलं की हे लांबून पाहिलं तर खरं आहे, जवळून पाहिलं तर तसं नाही. दोन शेजाऱ्यांची गरज एका वेळी कधीच सारखी नसते. एकाकडे पाहुणे येतात तेव्हा दुसरा गावाला गेलेला असतो. एकाला दुसरं मूल होतं, दुसरा एकावर थांबतो. मग दोघांमधली भिंत जन्मभर मधोमधच का उभी राहावी?

म्हणून नवसृष्टीत घरं जोडीने बांधली होती. खांब, स्वयंपाकघर, न्हाणीघर पक्कं. दोन घरांमधली भिंत मात्र सरकती. ती चिनी मातीचा फेस गोठवून केलेली होती, आतून पोकळ, वजनाला हलकी, वर-खाली रुळांत बसवलेली. तिच्या अंगात केसाएवढ्या तारांचं जाळं होतं. माणूस श्वास सोडतो तेव्हा खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, ओलावा वाढतो, ऊब वाढते. तो चालतो तेव्हा फरशी किंचित थरथरते. भिंत हे सगळं दोन्ही बाजूंनी महिनाभर टिपत राही आणि ठरवी की कुठल्या बाजूला किती माणसं असतात, किती वेळ असतात, पळणारी असतात की पडून राहणारी. गॅस पेटवला किंवा उदबत्त्या लावल्या तर ती फसत नसे. वायू, ओलावा आणि ऊब ही तिन्ही एका चालीने, सावकाश वाढली तरच ती त्याला माणूस म्हणे.

कोणतं माणूस, हे मात्र ती ओळखत नसे. खासगीपणाच्या कायद्याने तिला तशी बंदी होती. माणूस कोणाचं आहे याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. ते कुठे आहे एवढंच तिला कळे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी, नाश्त्यानंतर, भिंत सरके. याला सरकवणी म्हणत. दोन्ही घरं आपापलं सामान बाजूला घेऊन उभी राहत, भिंत मांजरासारखा आवाज करत चार बोटं इकडे किंवा तिकडे जाई, आणि मग चहा होई. ज्याची जागा वाढली त्याने शिरा करायचा आणि ज्याची कमी झाली त्याने तो खायचा, असा रिवाज पडला होता. तो जागा वाढलेल्यांपैकी कोणीतरी पाडला असणार.

सातशे चारमधला शर्विल टेकवडे सलग पाच महिने शिरा खात होता.

शिरा उत्तम असे, ही त्यातली सर्वांत दुःखाची गोष्ट. सातशे पाचमधला मल्हार गुंजकर तो स्वतः करी. रवा भाजताना घाई नाही, वर पिकलेलं केळं, तूप हात न आखडता. वाढताना तो म्हणे, “शर्विलराव, ही बया आमच्यावरच का मेहरबान होते, मला तर काही कळत नाही.” तो खरं बोलत होता, आणि ते त्याच्या तोंडावर दिसे. शर्विलला ते तोंड आवडत नसे.

कारण दोन्ही घरांत माणसं सारखीच. इकडे शर्विल, ओवी आणि चार वर्षांची द्वारका. तिकडे मल्हार, स्पृहा आणि चार वर्षांचा भिकाजी. चौघेही मोठे घरूनच काम करत. मल्हार अंगानेही काही मोठा नव्हता. मग भिंत पाच महिने इकडेच का यावी?

शर्विलला जागा मिरवायला नको होती. त्याची आई, सुवर्णा टेकवडे, फलटणला एकटी राहत होती. ती एसटीत कंडक्टर होती. उभं आयुष्य “आत सरका, मागे जागा आहे” म्हणण्यात गेल्यामुळे, निवृत्तीनंतर आपल्यासाठी कोणाला सरकायला लावायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. वडील गेल्यापासून शर्विल तिला इकडे ये म्हणत होता. तिची अट एकच होती. लग्नात आलेला सागवानी पलंग बरोबर येईल. माझा पलंग मावला तर मी मावले, असं ती म्हणे. मग हिवाळ्यात ती न्हाणीघरात पडली. मुका मार लागला, पण हे तिने शर्विलला पुष्कळ दिवसांनी सांगितलं, तेही लसणाच्या चटणीबद्दल बोलता बोलता. त्या दिवसापासून त्याला फोन वाजला की धस्स होई.

पलंगाची जागा त्याने हॉलच्या कडेला, सरकत्या भिंतीलगत, निळ्या चिकटपट्टीने जमिनीवर आखून ठेवली होती. दर सरकवणीला भिंत त्या चौकोनाचा एक घास घेई. तो समितीच्या अध्यक्षा अनुजा भोईटे यांना जाऊन भेटला. त्यांनी सगळं सहानुभूतीने ऐकलं आणि सांगितलं की आई राहायला आल्या की महिन्याभरात भिंत आपोआप जागा देईल. आधी आई आणा. आईला विचारलं तर ती म्हणाली, आधी जागा कर. दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या. शर्विल मधे होता, आणि ते मधलं दिवसेंदिवस अरुंद होत चाललं होतं.

त्याने टेप विकत घेतला. जेवताना तो भिंतीविषयी बोले, चहा पिताना भिंतीविषयी बोले, द्वारकेला गोष्ट सांगताना त्या गोष्टीतला राक्षस शेजारी राहत असे. ओवी म्हणे, “जरा दुसरं काही बोलू या का?” मग तो थोडा वेळ गप्प बसून मल्हारविषयी बोले.

काम करताना तो कानाला हेडफोन लावी. ते काढले की घर कमालीचं शांत असे, आणि त्या शांततेत पलीकडचं हसणं ऐकू येई. फेसाच्या भिंतीतून शब्द येत नसत, हसणं तेवढं येई. विनोद पलीकडेच राहत. शर्विल भिंतीला कान लावून उभा राही आणि हसणाऱ्यांची मोजदाद करी. मल्हारचं हसणं, स्पृहाचं हसणं, मुलांचं खिदळणं. शिवाय तिथे रोज एक पाहुणी येते, असा शोध त्याला लागला. तिचं हसणं बरंचसं ओवीसारखं होतं. ओवी घरात असं हसत नसे, म्हणून त्याला आधी आठवेना की हे कुठे ऐकलंय. मल्हार रोज बाहेरची माणसं बोलावून जागा वाढवतो, या निष्कर्षाला तो आला. रात्री त्याने हे ओवीला सांगितलं. ओवीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि दिवा मालवला.

मग त्यानेही उपाय सुरू केले. भिंतीशेजारी उभं राहून तो दोरीवरच्या उड्या मारू लागला. फोनवर भिंतीचा निरोप आला की घरात अधूनमधून एक लहान मूल खेळायला येतं असं दिसतं, त्याचं स्वागत. जागा काही वाढली नाही. प्राणायाम केला, तर भिंतीने ते मूल झोपल्याचं नोंदवलं.

इडल्यांचा मार्ग त्याला अपघाताने सापडला. ओवीने रविवारसाठी पीठ वाटून पातेल्यात भिंतीशी, उन्हाच्या तिरिपेत ठेवलं होतं. पीठ आंबलं, फुगलं, झाकण उचलून बाहेर डोकावलं, आणि दुपारी शर्विलच्या फोनवर निरोप आला: “घरात नव्या व्यक्तीची चाहूल लागली आहे. श्वास मंद, हालचाल नाही. व्यक्ती ज्येष्ठ असावी. काळजी घ्या.”

शर्विल पातेल्यासमोर मांडी घालून बसला आणि पिठाकडे आदराने पाहू लागला. आंबणारं पीठ आणि माणूस यांत भिंतीच्या दृष्टीने फार फरक नव्हता. पिठातले सूक्ष्म जीव साखर खातात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, ऊब देतात, ओलावा देतात, आणि हे सगळं सावकाश, एका चालीने करतात. दुपारच्या जेवणानंतर सोफ्यावर पडलेला माणूस याहून वेगळं काही करत नाही.

पुढचा महिनाभर भिंतीला लागून असलेल्या कपाटात दोन मोठी पातेली नांदू लागली. जोर यावा म्हणून शर्विल त्यांत मूठ मूठ यीस्ट आणि गुळाचा खडा टाकी. पीठ शिळं झालं की श्वास मंदावे, म्हणून ते दर एक दिवसाआड बदलावं लागे. आणि अन्न टाकायचं नाही हा आईचा संस्कार. त्यामुळे टेकवड्यांकडे सकाळी इडली, दुपारी इडली, रात्री फोडणीची इडली. तिला बिअरसारखा वास येई. आरोग्याला चांगली असते, एवढंच तो सांगे. द्वारकेने एका सकाळी ताटाकडे पाहिलं आणि ती चप्पल घालून शेजारी पोळी-भाजी खायला गेली. उरलेल्या इडल्या शर्विल स्वतःच डब्यात भरून सातशे पाचमध्ये नेऊन देई, कारण कपाटाजवळ पाहुणे नकोत, आणि देणारा माणूस शंकेच्या पलीकडे असतो. स्पृहा ओवीला म्हणाली की तुझा नवरा वरून घुम्या वाटतो पण फार मायाळू आहे. हे कळल्यावर शर्विलला एक दिवस वाईट वाटलं.

सरकवणीचा रविवार आला. भिंत घुरघुरली, थरथरली आणि पलीकडे जाऊ लागली. चार बोटं गेली, वीतभर गेली, थांबेचना. अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांना जास्त जागा द्यायची हे तिला शिकवलेलं होतं. ती हातभर सरकून थांबली तेव्हा निळा चौकोन सगळाच्या सगळा उघडा पडला होता आणि पलीकडे भिकाजी रडत होता. त्यांच्या हॉलमध्ये छताला एक झोपाळा टांगलेला होता. तो आता हलला की भिंतीवर आपटत होता.

मल्हारने स्टुलावर चढून झोपाळा काढला, मग हात पुसत दारात आला. “आजी-आजोबा आलेत म्हणे तुमच्याकडे,” तो म्हणाला. “स्पृहाला फोनवर निरोप आला. मग जागा त्यांनाच हवी, त्यात काय. भेटवा की.”

“झोपलेत,” शर्विल म्हणाला.

शिरा त्या दिवशी शर्विलने केला. त्यात गुठळ्या झाल्या. मल्हारने तो खाल्ला आणि आणखी मागून घेतला. शर्विलला वाटलं, एवढा माणूस उघड उघड हरलाय, तर निदान तसं तोंड तरी करावं. पण तेही नाही. आणि दुसऱ्या दिवशी हेडफोन काढले तर पलीकडचं हसणं जास्तच मोठ्याने ऐकू आलं. खोली लहान झाल्यामुळे ते सगळे आता भिंतीला टेकून बसत होते.

याच सुमारास अनुजा भोईटे ओवीला खाली बागेत भेटल्या आणि त्यांनी तिचे दोन्ही हात हातांत घेतले. नगरीच्या लोकसंख्येत सत्तरीपुढचे दोन रहिवासी दिसू लागले होते, इतिहासात प्रथमच, आणि दोघेही सातशे चारमध्ये. ज्येष्ठ नागरिक दिन तोंडावर आला होता. दोन शाली, दोन नारळ आणि चाकांच्या दोन खुर्च्या यांची व्यवस्था झाली होती. पाच बारशी केवळ आजीसाठी थांबली होती.

ओवी वर आली, सरळ कपाटाशी गेली आणि तिने दार उघडलं. आत दोन पातेली टॉवेल पांघरून बसली होती.

“यातली आजी कुठली?” तिने विचारलं.

शर्विलने हेडफोन काढले. मग त्याने सांगायला सुरुवात केली ती भिंतीपासून केली, भिंतीवरून मल्हारवर आला, आणि मल्हारवरून त्या रोज येणाऱ्या पाहुणीवर.

“ती पाहुणी मी आहे,” ओवी म्हणाली.

शर्विलने हातातले हेडफोन टेबलावर ठेवले.

“तू सगळं मोजलंस, शर्विल. फरशी मोजलीस, त्यांचं हसणं मोजलंस. मी आणि द्वारका दिवसभर कुठे असतो, ते एकदा तरी मोजलंस का?”

“पण तिकडे कशाला?”

“तिकडे कोणी भिंतीबद्दल बोलत नाही.”

ती एवढंच बोलली आणि पातेली उचलून स्वयंपाकघरात घेऊन गेली. शर्विलच्या डोक्यात पाच महिन्यांचा उलगडा झाला. भिंतीने कोणावरही मेहरबानी केलेली नव्हती. त्याचीच दोन माणसं पलीकडे बसून श्वास घेत होती आणि त्यांच्या श्वासांनी भिंत इकडे ढकलली जात होती. भिंत जितकी आत येई तितका तो बोले. तो जितका बोले तितक्या त्या दोघी लवकर पलीकडे जात. आपली चूक अशी लख्ख दिसली की माणूस बदलतो, असा एक समज आहे. शर्विलच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की मल्हारने आमची जागा तर घेतलीच, वर माझी माणसं वापरून घेतली.

फोन ओवीनेच केला. “आई, पलंगाला जागा झाली आहे,” ती म्हणाली. “कशी झाली ते आल्यावर सांगते. पण लगेच या, इथे तुमच्यावाचून पाच बाळं बिननावाची पडली आहेत.”

दोन दिवसांत सुवर्णाबाई टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून आल्या, मागे पलंग दोरीने आवळलेला. टेम्पो गेटमधून आत आला तेव्हा मुलं त्याच्यामागे धावली. त्यातल्या बऱ्याच जणांनी खरी आजी इतक्या जवळून पाहिलेली नव्हती. एकाने हळूच त्यांच्या हाताला बोट लावून पाहिलं. पलंग निळ्या चौकोनात असा बसला की एका बोटाचीही फट राहिली नाही, आणि शर्विल त्या रात्री कित्येक महिन्यांनी गाढ झोपला. फोन वाजला असता तरी उठला नसता.

सत्कार मोठा झाला. सेहेचाळीस वर्षांचे गृहस्थ या खेपेला पहिल्या रांगेत प्रेक्षक म्हणून बसले होते आणि शालीकडे ज्या नजरेने पाहत होते ती नजर शर्विलला चांगली ओळखता आली. सुवर्णाबाईंना शाल पांघरून झाल्यावर अनुजा भोईटे यांनी दुसरी शाल उचलली आणि आजोबा कुठे आहेत म्हणून विचारलं.

“आजोबांच्या केव्हाच इडल्या झाल्या,” ओवी शर्विलच्या कानात म्हणाली.

“ते गावी परत गेले,” शर्विल मोठ्याने म्हणाला.

दुसरी शाल अखेर पहिल्या रांगेत गेली आणि सगळ्यांनाच बरं वाटलं.

आई आली. जागा झाली. शर्विलने पुन्हा हेडफोन कानाला लावले. आई सकाळी लवकर उठे, पलंगावर बसून चहा घेई, शर्विलच्या पाठीकडे थोडा वेळ पाही. तो मधे एकदा वळून विचारी, “आई, जागा पुरते ना?” पुरते, ती म्हणे. तो पुन्हा स्क्रीनकडे वळे. मग ती उठून भाजी घेऊन शेजारी निवडायला जाई. पहिल्याच आठवड्यात तिने मल्हारला स्टुलावर चढवून झोपाळा पुन्हा टांगून घेतला, एका कोपऱ्यात, तिरका. त्यावर ती बसे, दोन्ही बाजूंना एकेक मूल, आणि घंटी ओढल्यासारखं करून प्रत्येक झोक्याला एका गावाचं नाव पुकारी. लोणंद. वाठार. कोरेगाव. उतरणारे पुढे या. हळूहळू मजल्यावरची बाकीची मुलंही रांग लावू लागली. कोणी ढकललं तर आजी म्हणे, “आत सरका, मागे जागा आहे,” आणि खरोखरच तेवढ्याशा खोलीत आणखी तिघं मावत.

एका दुपारी शर्विलने हेडफोन काढले तेव्हा पलीकडून एक नवीन हसणं आलं. जाडसर, मधे अडखळून पुन्हा सुरू होणारं. तो खुर्चीतच थांबला. हे हसणं त्याने फलटणच्या घरात वडील असताना ऐकलं होतं, आणि त्यानंतर कधीच नाही. क्षणभर त्याला फार बरं वाटलं. मग ते मल्हारच्या घरातून येतंय हे ध्यानात आलं. आईला हसवायचं इतकं सोपं होतं, तर ते आपल्याला कोणी सांगितलं का नाही, असा विचार करत तो उठला आणि त्याने खिशातून टेप काढला.

पुढची सरकवणी आली. भिंत घुरघुरली आणि इकडे येऊ लागली. दोन बोटं आली, पलंगाच्या कडेला टेकली, आणि तिथेच थांबून टीं टीं करू लागली. वाटेत काही आलं की ती पुढे जात नसे. बाजूला करेपर्यंत गप्पही बसत नसे. आवाज ऐकून मल्हार आला, त्याच्यामागे स्पृहा, स्पृहाच्या हातात रवा भाजलेली कढई. मुलं आली. ओवी हाताची घडी घालून दाराशी उभी राहिली.

पलंगावर आई चहा पीत बसली होती. भिंत तिच्या पाठीशी टीं टीं करत होती.

शर्विलने भराभर मापं घ्यायला सुरुवात केली. सोफा गॅलरीत टाकता येईल. टीव्ही काढून टाकू. माझं टेबल स्वयंपाकघरात नेलं तर पलंग पुढे ओढता येतो. तो जमिनीवर गुडघे टेकून टेप पसरत होता आणि बोलत होता, की काही झालं तरी हा पलंग इथून हलणार नाही, हे भिंतीला एकदा कळलंच पाहिजे.

आईने चहा संपवला आणि कपबशी बाजूला ठेवली.

“शर्विल, ही भिंत मीच इकडे ढकलली ना रे?” तिने विचारलं. “मी दिवसभर तिकडे असते म्हणून?”

शर्विलने टेपवरून नजर वर केली नाही. “जागा मी तुझ्यासाठी केली होती, आई.”

“ठाऊक आहे मला. ओवीने सांगितलंय, तू काय काय केलंस ते.” तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा, उलटा. “एवढं माझ्यासाठी कोणी केलं नव्हतं. तुझ्या वडिलांनीसुद्धा नाही.”

भिंत टीं टीं करत राहिली. शर्विलला वाटलं, आता आई म्हणेल की मी इथेच बसेन, तुझ्याजवळ. आणि आपण हेडफोन काढून ठेवू. कदाचित भिंतीविषयी बोलणंही सोडून देऊ.

आई पलंगावरून उठली आणि तिने त्यावरची चादर घडी करून काखेत घेतली.

“तो टेप तेवढा खिशात घाल,” ती म्हणाली, “आणि पलंगाची ही बाजू उचल, बाळा. दुसरी मल्हारने केव्हाची धरून ठेवली आहे.”